दंडाचे भय आणि कर्तव्याचे भान

दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातलेच पाहिजे, या नियमाची कठोर अंमलबजावणी करण्याचे आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी दिले आणि हेल्मेटसक्तीचा जुना वाद पुन्हा एकदा चर्चेत आला. वास्तविक नियमात नवे काहीच नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालक आणि मागे बसणारा असा भेद करीत नाही. परंतु कायद्याच्या पुस्तकात असणे आणि रस्त्यावर असणे या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटची सक्ती कडक केली, तेव्हा त्याच आठवड्यात शहरात निषेधाचा मोर्चा निघाला आणि हेल्मेटच्या जागी पगड्या डोक्यावर चढवून काही नागरिक त्यात सामील झाले. त्या मोर्चाची देशभर थट्टा झाली. मात्र थट्टेच्या गदारोळात त्यामागील प्रश्न बाजूला पडला. आपल्या सुरक्षिततेचा विचार करण्यास सुजाण नागरिक समर्थ असताना शासनाने त्याच्या डोक्यावर सक्ती का लादावी? रस्त्यावरचे वर्तन कायद्याच्या धाकाने घडावे की व्यक्तीच्या जबाबदारीच्या जाणिवेतून? हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. त्याचे उत्तर गांभीर्याने दिले पाहिजे.

जबाबदारीचा पक्ष मांडणारे सारेच उच्छृंखल असतात, असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नियमांची आणि फलकांची गर्दी वाढली की माणूस विचार करणे सोडून देतो, असा त्यांचा मुद्दा आहे. हिरवा दिवा लागला म्हणजे पुढे जायचे, समोर कोणी वृद्ध रस्ता ओलांडीत असला तरी! हॉलंडमधील वाहतूक अभियंता हान्स मोंडरमन यांनी हाच विचार प्रत्यक्षात आणून दाखविला. ड्राख्टेन या शहरातील गजबजलेल्या चौकातून त्यांनी सिग्नलचे दिवे काढून टाकले, फलक हटविले आणि वाहनचालक, सायकलस्वार व पादचारी यांना एकमेकांच्या नजरेच्या भरवशावर सोडले. गोंधळ माजला नाही. लोक सावध झाले आणि वेग आपोआप उतरला. आपल्या शेजारच्या भूतानची राजधानी थिंफू येथेही सिग्नलचे दिवे नाहीत. एकदा दिवा बसविण्यात आला होता. पण तो लोकांना रुक्ष व परका वाटला, म्हणून काढून टाकावा लागला.

आपल्या परंपरेलाही हा विचार अपरिचित नाही. महाभारताच्या शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला राजसंस्थेच्या उत्पत्तीची कथा सांगतात. एक काळ असा होता की राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता. सर्व प्रजा केवळ धर्माच्या आधारे परस्परांचे रक्षण करीत असे. भारतीय मनाला या चित्राचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. कायद्याचे राज्य हा समाजजीवनाचा अंतिम आदर्श नाही, ज्या समाजाला दंडाची आवश्यकताच भासत नाही तो समाज श्रेष्ठ, अशी आपली धारणा आहे. तेव्हा नियमांऐवजी जबाबदारी हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेण्याचीही गरज नाही.

परंतु कथा अर्ध्यावर सोडून चालत नाही. भीष्म पुढे सांगतात की, कालांतराने प्रजेला मोह झाला, मोहातून लोभ व काम उपजले, कर्तव्य-अकर्तव्याचा विवेक लोपला आणि म्हणून दंडनीती निर्माण करावी लागली. दंड हा धर्माला पर्याय म्हणून आलेला नाही. धर्म क्षीण झाला तेव्हा त्याला आधार देण्यासाठी तो आला. आपल्या रस्त्यांवर आज मोह आहे की विवेक आहे, याचे प्रामाणिक उत्तर प्रत्येकाने कोणत्याही चौकात दहा मिनिटे उभे राहून मिळवावे.

हॉलंडच्या उदाहरणाचेही तसेच आहे. मोंडरमन यांनी दिवे काढले. कायदा काढला नाही. चौकाची रचनाच त्यांनी अशी केली की भरधाव जाणे अवघड व्हावे. त्यांचा प्रयोग गावातील माणसांच्या वर्दळीच्या जागांसाठी होता. महामार्गांना तो लागू करावा, असे त्यांनी कधीही म्हटले नाही. शिवाय त्या देशात मोटारीची सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला धडक बसली, तर नुकसानीची जबाबदारी सर्वसाधारणपणे मोटारवाल्यावरच टाकणारा कायदा आहे आणि जखमी व्यक्ती चौदा वर्षांखालील मूल असेल तर ती जवळजवळ पूर्णपणे त्याच्यावरच येते. चौकात दिसणारी ती सौजन्यपूर्ण नजरानजर या भक्कम पायावर उभी आहे. थिंफूच्या चौकातही सिग्नलच्या दिव्याऐवजी उभा असतो तो पोलीसच.

कायदा खरोखरच मागे घेऊन जबाबदारीवर विसंबण्याचा प्रयोग अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात झाला. १९९५ च्या अखेरीस केंद्रीय वेगमर्यादा रद्द झाल्यावर त्या राज्याने महामार्गांवर मोटारींसाठी दिवसा आकडा ठेवलाच नाही. चालकाने परिस्थिती पाहून वाजवी आणि सावध वेगाने जावे, एवढेच बंधन उरले. तीन वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. वाजवी म्हणजे किती, हे चालकाला आधी कळण्याचा मार्ग नाही आणि प्रत्येक पोलीस आपापल्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ लावणार, असा न्यायालयाचा आक्षेप होता. १९९९ मध्ये ताशी ७५ मैलांची मर्यादा पुन्हा आली. या निवाड्यातील मर्म आपल्याकडे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. स्पष्ट नियम नागरिकाला जसा बांधतो, तसाच तो पोलिसालाही बांधतो. नियम धूसर झाला की नागरिकाचे स्वातंत्र्य वाढत नाही. अधिकाऱ्याची मर्जी वाढते. आणि मर्जीचे रूपांतर चिरीमिरीत व्हायला आपल्याकडे किती वेळ लागतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आपल्या घरातील हिशेब पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. हेल्मेट न घातलेल्या अवस्थेत दगावलेल्यांची संख्या ५० हजार २९ होती. त्यांत १४ हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. सीटबेल्ट न लावता मोटारीत मृत्यू पावलेले १६ हजार ७१५. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मृतांचा एकूण आकडा १ लाख ७२ हजारांच्या वर गेला. अपघाती मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही, उलट मृत्यू वाढले, अशी कबुली केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत दिली. एखाद्या युद्धात इतकी माणसे पडली असती, तर देश हादरला असता. येथे मात्र ती एकेक करून पडतात आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपतात.

हेल्मेटविरोधकांचे म्हणणे असे की, शहरातल्या गर्दीत ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला हेल्मेट कशाला? महामार्गावर जरूर घालू. उन्हाळ्यात डोके तापते, मानेवर भार येतो, मागचे भोंगे नीट ऐकू येत नाहीत आणि मंडईत उतरल्यावर ते ठेवायचे कुठे, या अडचणी खोट्या नाहीत. पण डांबरी रस्त्यावर डोके आपटण्यासाठी फार वेग लागत नाही; दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याची जमिनीपासूनची उंची त्यासाठी पुरेशी असते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून निघाला आहे. खर्च, भार आणि घाम एका पारड्यात टाकला, तरी दुसरे पारडे जडच राहते.

यावर अखेरचे उत्तर येते: डोके माझे आहे, फुटले तर माझे फुटेल. वरवर हे उत्तर बिनतोड भासते. पण खरोखर डोके केवळ आपले असते काय? रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढणारी पत्नी, मुलाच्या उपचारासाठी भविष्यनिर्वाह निधी मोडणारे वडील, शिक्षण अर्धवट सोडून कामाला लागणारा धाकटा भाऊ, या सर्वांचा त्या डोक्यावर काही अधिकार आहे की नाही? व्यक्ती ही समाजापासून सुटी पडलेली एकाकी वस्तू आहे, ही कल्पना आपली नव्हे. आपल्याकडे माणूस जन्मतःच ऋणे घेऊन येतो असे मानले गेले आणि ती फेडल्याशिवाय देहावर मनमानी हक्क सांगण्याची मुभा त्याला दिली गेली नाही. ज्यांना जबाबदारी हवी आहे, त्यांनी ती या सर्वांसह घ्यावी. स्वतःपुरती जबाबदारी हे बेजबाबदारपणाचेच सभ्य नाव आहे.

सुशिक्षित, संपन्न आणि समजदार माणसेही केवळ स्वतःच्या जाणिवेवर विसंबून काळजी घेत नाहीत, हा अनुभव वारंवार येतो. महाराष्ट्राचे लोकनेते गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात निधन झाले. ते मागच्या आसनावर बसले होते. त्या आघातानंतर मागील आसनावरील सीटबेल्टची चर्चा काही आठवडे झाली आणि विरून गेली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला. त्यांनी मागच्या आसनावर पट्टा लावला नव्हता. पुन्हा तीच चर्चा झाली. मागच्या प्रवाशानेही पट्टा लावावा, हा नियम त्याआधीपासून होता, हे अनेकांना तेव्हाच कळले! स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूने सुरू केली. नव्या पद्धतीच्या धास्तीने लोक जपून वाहने चालवू लागले आणि अपघात घटले. पण सवय होताच आकडे पूर्वपदावर आले. मनात उठलेली सावधगिरी टिकत नाही. ती टिकवायला रोजची शिस्त लागते आणि रोजच्या शिस्तीला नियमाचा आधार लागतो.

हेल्मेटचा प्रश्न निदान बव्हंशी स्वतःच्या जिवाचा आहे. सिग्नल तोडणे, उलट्या दिशेने वाहन दामटणे, मद्यपान करून चाक हाती घेणे किंवा अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणे, यात पणाला लागतो तो दुसऱ्याचा जीव. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीवरील एका तरुणाला आणि तरुणीला चिरडले. चालक सतरा वर्षांचा होता. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला काही तासांतच जामीन मिळाला, तेव्हा साऱ्या देशात संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. न्यायालय आपला निर्णय देईल. पण त्या रात्री व्यक्तिगत जबाबदारी नावाची वस्तू नेमकी कोणाजवळ होती? किल्ली देणाऱ्या घराजवळ, मद्य पुरविणाऱ्या दुकानाजवळ, की वयाचा दाखला न मागणाऱ्या व्यवस्थेजवळ?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९ क अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड सांगते. यात काही पाश्चात्त्य अनुकरण आहे, असे कोणी समजू नये. गाडी हाकणारा अल्पवयीन असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड करावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. बैलाची वेसण तुटली किंवा जू मोडले तर गाडीवानाला दोष देऊ नये, असेही त्याच ठिकाणी नमूद आहे. टाळता येण्याजोगे आणि न टाळता येण्याजोगे यांतील भेद आपल्या पूर्वजांनी बैलगाडीच्या काळातच केला होता. वैयक्तिक जबाबदारी ही कायद्याबाहेरची गोष्ट नसून ती निश्चित करणे हेच कायद्याचे काम आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मात्र नागरिकाला कर्तव्याचे पाठ देणाऱ्या शासनाला स्वतःच्या कर्तव्यापासून सुटका नाही. २०१९ मध्ये संसदेने दंडाच्या रकमा वाढविल्या. १ सप्टेंबरपासून त्या लागू होताच लोकांच्या नाराजीपुढे राज्य सरकारे एकेक करून नमली. गुजरातने बहुतेक दंड कमी केले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. येथे अंमलबजावणीच थांबली आणि वाढीव दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मतांसाठी कायदा वाकविणारे सरकार नागरिकाला कोणत्या तोंडाने कायदा पाळायला सांगणार? चौकात पोलीस उभा राहण्याऐवजी वळणाआड दबा धरून बसतो, वाहतुकीची कोंडी सोडविण्यापेक्षा पावती फाडण्यात त्याचे लक्ष गुंतते आणि अर्ध्या रकमेत ‘तोडपाणी’ होते, तेव्हा दंडाचे नैतिक बळच नष्ट होते. ज्याची वशिलेबाजी चालते तो सुटतो आणि ज्याची चालत नाही तो भरतो, अशी समजूत दृढ झाल्यावर कायद्याविषयी आदर कोठून उरणार?

रस्त्यांची स्थिती हा त्याहून मोठा प्रश्न आहे. पदपथ दुकानांनी आणि उभ्या वाहनांनी गिळले, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पहिल्याच पावसाळ्यात पुसले गेले, दुभाजक अंधारात अचानक सुरू होतात आणि खड्डा चुकविताना दुचाकीस्वार ट्रकखाली जातो. येथे मेलेल्याच्या वैयक्तिक जबाबदारीवर व्याख्यान देणे ही क्रूरता ठरेल. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपयांची भरपाई द्यावी आणि दोषी अधिकारी व कंत्राटदारांवर उत्तरदायित्व टाकावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, तो याच कारणाने स्वागतार्ह आहे. जबाबदारीचे तत्त्व रस्ता वापरणाऱ्याला लागू होते, तसे ते रस्ता बांधणाऱ्यालाही लागू झाले पाहिजे.

तरीही केवळ दंड वाढवून आणि कॅमेरे बसवून समाज शिस्तबद्ध होईल, या भ्रमात कोणी राहू नये. येथे जबाबदारीच्या पक्षाचे म्हणणे पुन्हा ऐकावे लागते. कॅमेरा दिसताच वेग कमी करणारा आणि कॅमेरा मागे पडताच तो वाढविणारा चालक कायदा पाळीत नाही. तो कायद्याला चुकवितो. मिझोरामची राजधानी ऐजॉल येथे डोंगरउतारावरील अरुंद रस्त्यांवर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. कोणी भोंगा वाजवीत नाही, कोणी रांग मोडून पुढे घुसत नाही. समोरची बाजू मोकळी असली तरी ती येणाऱ्यांसाठी मोकळीच ठेवली जाते. तेथेही पोलीस आहेत, नियम आहेत. पण स्वतःपेक्षा दुसऱ्याचा विचार आधी करावा, हे त्या समाजाचे परंपरागत आचारमूल्य आहे आणि रांग मोडणाऱ्याला दंडापेक्षा लोकांच्या नजरेची लाज अधिक वाटते. आपल्याच देशातील एका दुर्गम शहराला जे साधले, ते विद्येच्या माहेरघराला का साधू नये?

महाराष्ट्राला तर ऐजॉलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. दरवर्षी आषाढीला लाखो वारकरी याच रस्त्यांवरून पंढरीची वाट चालतात. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथापुढचे आणि रथामागचे स्थान ठरलेले. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंग क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि मगच सोहळा पुढे सरकतो. चोपदाराच्या हातीही दंडच आहे. तो कोणाच्या पाठीवर पडत नाही, कारण तो पाळणाऱ्यांनी आधीच मनोमन मान्य केलेला आहे. आणि तो मान्य होतो, कारण तक्रार ऐकण्याची व्यवस्था त्याच्याशी जोडलेली आहे. कायदा आणि जबाबदारी यांचे नाते कसे असावे, याचा याहून उत्तम वस्तुपाठ शोधून सापडणार नाही.

तेव्हा कायद्याने जबाबदारीसाठी वाट सोडावी काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच आहे. कायदा ही जबाबदारीची पहिली पायरी आहे. ती काढून घेतल्यास वर चढता येत नाही, कोसळता मात्र येते. ज्यांना सक्ती नको आहे, त्यांच्यापुढे एक सन्मानाचा मार्ग खुला आहे. त्यांनी सक्तीची वेळच येऊ देऊ नये. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती वाहन न देण्याचा ठराव व्हावा. गणेशोत्सव मंडळांनी आपल्या कार्यकर्त्यांच्या दुचाकी-फेरीत एकही उघडे डोके दिसू देऊ नये. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडताना स्वतः उलट्या दिशेने येऊ नये. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. शांतिपर्वातील त्या दंडरहित समाजाकडे जाणारा रस्ता असलाच, तर तो येथूनच सुरू होतो.

पगडी हा पुण्याच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असायलाही हवा. पण पगडी मिरविण्यासाठी आधी डोके शाबूत असावे लागते. आणि त्या डोक्याची वाट पाहत रोज संध्याकाळी कोणीतरी दारात उभे असते, एवढे भान ज्याला आले, त्याला हेल्मेटची सक्ती करण्याची वेळ कोणत्याही पोलिसावर येणार नाही.